बिजली तोरणात उभी राहील

खेमू,

तुझी तेरवी व्हायच्या आधीच मी तुझी घोडी विकायला होकार दिला. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, म्हणून मीच सांगतो.

अंगणात सतरंजी टाकली होती. काका मधोमध बसले होते, गावची काही जाणती माणसं भिंतीला टेकून. तुझा फोटो नुकताच फ्रेम होऊन आला होता. तुझा एकट्याचा फोटो कुणाकडेच निघाला नाही. जो होता, त्यात बिजली तुझ्या उजव्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी होती. फोटोवाल्यानं तिला कापून काढलं आणि मागे निळा रंग भरला. त्यामुळे आता तू कुणावर तरी रेलल्यासारखा वाकडा उभा दिसतोस, आणि शेजारी कुणीच नाही.

"तेजराम, तू मोठा हायेस," काका म्हणाले. "घोडीचं काय कराचं ते सांगून टाक. भट्टीवाला इचारून गेला. पोळा झाला का घेऊन जातो म्हणते."

विटांच्या भट्टीवर घोडी कशाला लागते हे मला माहीत होतं. कच्च्या विटांनी भरलेला गाडा ओढायला. बिजलीचं वय मला माहीत होतं, तिच्या पुढच्या पायावरचा व्रणही माहीत होता. आतल्या बायांपैकी कुणीतरी म्हणालं, "घोडीनंच खाल्लं पोराले." काका माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. तोंडानं 'हो' म्हणालो नाही, पण मोठ्या भावाची मान हलली की आपल्याकडे तेवढं पुरतं.

मागच्या छपरीत बिजली तोबऱ्यात तोंड घालून चणे खात होती. तो कडकड आवाज अंगणापर्यंत येत होता.

"पाह्य, कशी खाऊन राहिली," काका म्हणाले. "मालक गेला, पन भूक नाही गेली."

मला राग आला. कुणाचा, ते त्या दिवशी कळलं नाही.

लोक तुला आयुष्यभर एकच कोडं घालत आले. घोडी खेमूला पोसते, की खेमू घोडीला? पानठेल्यावर तेच, राइस मिलच्या वजनकाट्याजवळ तेच, सोयऱ्यांच्या मांडवात तेच. तू कधी चिडला नाहीस. "दोघं मिळून एकमेकाले पोसतो. तुमच्या पोटात काऊन दुखते?" म्हणायचास आणि पुढं चालायला लागायचास.

खरं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नसराई संपली की बिजलीला काम नसतं, तोंड मात्र असतं. म्हणून तू लोकांचं धान कापलंस, मळणीचा चुरणा केलास, मोहफुलं वेचलीस, रोवणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या बांधीत चिखल तुडवलास, आणि उरलेलं सगळं वर्ष सौंदडच्या राइस मिलमध्ये पोती वाहिलीस. तेंदूपत्त्याचे दिवस आणि लग्नाचे दिवस एकत्रच येतात. तू सकाळी जंगलात पानं तोडायचास, दुपारी पुडे बांधायचास आणि संध्याकाळी आंघोळ करून, फेटा बांधून बिजलीला घेऊन वरातीला जायचास. पानांनी बोटं काळी पडलेली असायची. एका नवरदेवाच्या आईनं नाक मुरडलं, तर तू बँडवाल्याकडून पांढरे हातमोजे मागून घेतलेस. मग ते कायमचेच झाले. लोकांना वाटायचं, घोडीवाल्याचा थाट आहे. तो थाट नव्हता, तेंदूचा डाग होता.

आणि नाव काय ठेवलंस, तर बिजली! मीच म्हणालो होतो, "नाव बिजली आणि चाल लोडशेडिंगची." तू हे इतक्या जणांना सांगितलंस की ते तुझंच वाक्य झालं.

गोंदियाच्या एका लग्नाच्या लॉनमागे तुम्ही घोडीवाले थांबला होतात, तो दिवस मला सारखा आठवतो. दुकान सुटल्यावर मी तुला भेटायला आलो होतो. तिरोड्याकडचा एक होता, तो दिवसा पंक्चर काढायचा. आमगावकडचा शाळेत शिपाई होता. आणि मी राहतो त्या कुडव्यातलाच एक, अंड्यांची गाडी लावणारा. तुम्ही सगळे किती वेळ बोलत होतात! कुणाच्या घोडीला जनरेटरचा आवाज सहन होत नाही, कुणाची घोडी ओला चारा खाऊन फुगली, नाल ठोकणारा म्हातारा आता दिसत नाही, त्याच्यामागे कोण. पंक्चरबद्दल, शाळेबद्दल, अंड्यांबद्दल एक अक्षर नाही. मी विचारलं, "यातला घोडीवर जगणारा कोण?"

अंडेवाला हसून म्हणाला, "भैया, घोड़ी पे तो दूल्हा बैठता है. हम तो उसके आगे पैदल चलते हैं."

तुम्ही सगळे खदखदून हसलात. मी हसलो नाही. मला वाटलं, ही सगळी शहाणी माणसं एका वेडापायी आयुष्य नासवत आहेत. मी गोंदियाच्या कापडाच्या दुकानात गादीवर उभा राहून साड्या उलगडणारा माणूस. "और दिखाओ" म्हटलं की आणखी उलगडायच्या, गिऱ्हाईक उठून गेलं की पुन्हा घड्या घालायच्या. मी तुम्हाला वेडे समजत होतो.

कुणी विचारलं तर मी तुझी ओळख "मिलमध्ये आहे" अशी करून द्यायचो. तू लगेच दुरुस्त करायचास. "मी घोडीवाला. मिल त पोटासाठी हाये. माया नाही, हिच्या." मला ओशाळं व्हायचं. तुला कधीच झालं नाही.

आमच्या सेठच्या पुतण्याची वरात आठवते? ते काम मीच तुला मिळवून दिलं होतं. चौकात पोरांनी फटाक्यांची लड लावली आणि तू वरातच थांबवलीस. बँड बंद. सेठ गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आला. "तेजराम, तेरा भाई है ना? समझा उसको."

मी पुढे आलो. "खेमू, चार मिनिटांचा प्रश्न आहे."

"दादा, तिच्या पायाकडं पाह्य."

मी पाहिलं. बिजलीचा पुढचा पाय थरथरत होता. तुझ्याकडे यायच्या आधी कुठल्याशा वरातीत ज्या पायाशी सुतळी बॉम्ब फुटला होता, तोच.

"फटाके बंद, नाहीतर नवरदेव पायी," तू म्हणालास.

पोरं चढ्या आवाजात बोलायला लागली. तेवढ्यात नवरदेवच म्हणाला, "उतारो यार, मेरे को तो पहले से डर लग रहा है." आणि घाईघाईनं उतरला. मंडपापर्यंत नवरदेव पायी, मागे बिजली रिकामी, छत्री मात्र तिच्यावर. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. सेठ पुढचे कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. मी तुला म्हणालो, "तुझ्या घोडीपायी माझी नोकरी जाईल एक दिवस." तू म्हणालास, "मंग मायासंग मिलमध्ये ये. पोतं उचलाले शिकवतो."

आपलं हे भांडण कधी संपलंच नाही. घोडी विक. नाही विकत. छाती दुखते म्हणतोस, पोती सोड. सोडतो, पहिले दुसरं काम पाहून दे. शेवटच्या फोनवरही तेच झालं. मी जरा मोठ्यानंच म्हणालो, "तुला घोडी पाहिजे की जीव?"

तू म्हणालास, "दादा, मी बिजलीसाठी पोते उचलतो. तू कोनासाठी साड्या उलगडतेस?"

"पोटासाठी. आणखी कोणासाठी?"

"पोट त मालेबी हाये. त्याच्या पलीकडं काय हाये तुले, ते सांग."

मी म्हणालो, गिऱ्हाईक आलं, ठेवतो. गिऱ्हाईक आलं नव्हतं. त्याच आठवड्यात तू मिलच्या काट्याजवळ टेकलास तो उठलाच नाहीस. डॉक्टरांनी हृदय म्हटलं. लोकांनी घोडी म्हटलं. मी मनात म्हटलं, मी सांगत होतो. भाऊ गेल्यावर माणसाच्या मनात पहिलं हे यावं, याची मला लाज वाटते. पण आलं. तुझ्यापासून काय लपवायचं?

मान हलवली त्या संध्याकाळी मी छपरीकडे गेलो. ममता बिजलीला तणस टाकत होती. तुझी बायको माझ्याशी कधी थेट बोलली नाही, हे तुला माहीतच आहे. मी भासरा, थोरला दीर. माझी चाहूल लागली की ती डोक्यावर पदर ओढते, आणि मला सांगायचं ते भिंतीला, चुलीला नाहीतर बिजलीला सांगते. तू तर यावरून आम्हाला किती चिडवायचास. "माया घरी तार बिजलीमार्फत जाते," म्हणायचास.

त्या दिवशीही ती वळली नाही. तिनं बिजलीच्या मानेवर हात ठेवला.

"बिजली, आयकून ठेव बाई. तुया मोठ्या मालकानं तुले भट्टीवर धाडलं. आता नवरदेव नको, विटा वाहाच्या. अन् त्याईले सांग, मले कोनी इचारलं नाही. रोवनी मी करतो, निंदन मी करतो, मिलच्या अंगनात कोंडा मी झाडतो. तुले चारा घालाले मले मानूस लागते का?"

मी उभा राहिलो. उत्तर द्यायचं तर बिजलीलाच द्यावं लागलं असतं. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

दुसऱ्या दिवशी मिलमधून निरोप आला की तुझं सामान तिथेच पडलंय. मी गेलो. डबा होता, दुपट्टा होता आणि पोतं दुमडून केलेली, ओझं वाहताना डोक्या-खांद्यांवर घ्यायची तुझी खोळ. तुझ्या जोडीला पोती उचलणारा मारोती मला ती दाखवत होता. डाव्या खांद्याच्या जागी झिजून आरपार भोक. उजवीकडे कोरी करकरीत.

"उजव्या खांद्यावर त्यानं पोतं घेतलंच नाही कधी," मारोती म्हणाला. "तो बिजलीचा हाये, म्हणे. घरी गेलो का ती तिथं तोंड टेकवते. दुखून राहिला असन त मी दचकन, अन् तिले वाटन का मले ते आवडलं नाही. आमी लय हसत होतो साल्याले."

मला त्या फोटोतला निळा रंग आठवला.

"अन् काय गा," मारोती म्हणाला, "घोडीनं खाल्लं म्हणून राहिले त्याले? आमाले पाहा ना. सुट्टी झाली का आमचे पाय कुठं जातेत, गावाले मालूम हाये. हा तेवढा सिधा घरी. तोंडाले वास आला त घोडी पाय उचलत नाही, म्हणे. तिनं खाल्लं नाही. तिनं त आजपावतो राखून ठेवलं होतं."

ती खोळ काखेत धरून मी स्टेशनच्या बाजूनं चालत आलो. भट्टीवाल्याला फोन लावला. "घोडी देणार नाही," म्हणालो. तो म्हणाला, बोलणं झालं होतं. मी म्हणालो, बोलणं झालं नव्हतं, माझी मान हलली होती.

काका संध्याकाळीच आले. अंगणात उभ्या उभ्या सुरू झाले.

"एकदा मान हलवली त हलवली. मर्दाचा शब्द हाये तो."

"शब्द कुठं होता काका? आता देतो शब्द. नाही."

"भाऊ गेला, आता तुले वेड लागलं? आपल्या खानदानात कोनी घोडं पाळलं का?"

"खेमूनं पाळलं. तो आपल्याच खानदानातला होता."

काकांना हे अपेक्षित नव्हतं, आणि मला तर नव्हतंच. आयुष्यभर मी त्यांना उलट बोललो नाही. मग त्यांनी खरी अडचण काढली. "अन् वरातीत लगाम कोन धरन? तू? तुले त कुत्रंबी ओढून नेते."

खरंच होतं ते. छपरीतून आवाज आला.

"बिजली, सांग त्याईले. लगाम मी धरीन."

"बाई?" काका म्हणाले. "अन् तेबी बिनकुंकवाची? नवरदेवाच्या म्होरं?"

ममता छपरीतून बाहेर आली. पदर डोक्यावरच होता, मान मात्र वर होती. "ज्याले चालते त्यानं बोलवावं. ज्याले नाही चालत त्यानं पायी जावं. पहिलेबी एक नवरदेव पायी गेला होता. मेला नाही."

खेमू, त्या क्षणी तू असायला हवा होतास. मला हसू फुटलं. तू गेल्यापासून पहिल्यांदा. काका ताडताड निघून गेले आणि जाता जाता म्हणाले, "वरस नाही सरलं, अन् पोळा कराले निघाले, म्हणतेत लोक. घोडी पोळ्याच्या तोरनात आनूनच पाहा." ममतानं त्यांच्या पाठीकडे बघून बिजलीला सांगितलं, "सुतक मानसाले रायते. जनावराले कायचं सुतक?"

पोळ्याचं बोलणं निघालं, म्हणून मागच्या वर्षीचं सांगतो. दोन गोष्टी आहेत. एक तुला माहीत आहे, दुसरी नाही.

माहीत असलेली ही. गावची गुरं जमतात त्या आखरावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. खाली बैलांची रांग, बाशिंग, बेगड, झुली. आता रांग कसली, बैलांपेक्षा हार घातलेले ट्रॅक्टरच जास्त. तू बिजलीला धुऊन, झूल घालून त्या रांगेत आणून उभं केलंस. काका आडवे आले. "पोळा बैलाचा हाये. घोडीनं कधी जू घेतलं का खांद्यावर?"

"तिनं नाही घेतलं काका. मी घेतलं तिच्या बदल्यात."

"हट, बाजूले घे."

"तुमच्या ट्रॅक्टरनं कुठं जू घेतलं? त्याले हार चालते, अन् मायी घोडी चालत नाही?"

मग तू बिजलीच्या गळ्यात हात टाकून पोळ्याला म्हणतात तसली दोन ओळींची झडती म्हटलीस. तुझा आवाज तसा फाटकाच, पण आखरभर गेला:

"बैल इकले, ट्रॅक्टर घेतले, आखर पडला सुना,
बिजली इचारते पंचाईले, माया काय गुन्हा?"

म्हाताऱ्यांसकट सगळे हसले. पण रांगेत जागा कुणी दिली नाही. तू बिजलीला घेऊन कडेच्या कडुलिंबाखाली उभा राहिलास, तोरण तुटून पोळा फुटेपर्यंत. एकजण माझ्या कानाशी म्हणाला, "हा तुमचाच भाऊ ना?" मी "हो" म्हणालो, पण हळू, आजूबाजूच्या कुणाला ऐकू जाणार नाही असं. तू लांबून माझ्याकडे बघत होतास. तुला वाटलं असेल, दादा लाजून राहिला. बरोबर वाटलं.

तुझा पोळ्याशी हा वाद तसा जुनाच. लहानपणी तान्ह्या पोळ्याला सगळ्या पोरांचे लाकडी बैल, आणि तू आपल्या बैलाची शिंगं दगडानं तोडून आणलास. "हा बैल नाही, घोडा हाये." बाबांनी मार मला दिला, लक्ष ठेवलं नाही म्हणून. तू माझ्या मागे उभा राहून रडत होतास, पण घोडा काही सोडला नाहीस.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट. त्याच पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी गोंदियाहून आलो. घरोघरी खांदशेकणी चालली होती. गरम पाण्यात हळद, तूप, पळसाची पानं, आणि बैलांच्या जू वाहिलेल्या खांद्यांना शेक. मी मागच्या दारानं छपरीकडे वळलो आणि तिथेच थांबलो. तू उघड्या अंगानं पाटावर बसला होतास. ममता पळसाच्या पानानं तुझा डावा खांदा शेकत होती. पोत्यांनी सुजून काळा पडलेला खांदा. हसत होती आणि म्हणत होती, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैलांना म्हणतात तसंच. तू मान हलवून बैलासारखा हंबरलास. ती म्हणाली, "खिंकाळा ना जी, घोडीवाले हाये तुमी." आणि बिजलीनं मागून तुझ्या उजव्या खांद्यावर तोंड टेकवलं.

मी पाऊल न वाजवता मागे फिरलो. भासऱ्यानं ते पाहायचं नसतं. स्टेशनपर्यंत गेलो, चहा प्यायलो, आणि पुढच्या दारानं हाक मारत आलो. तू म्हणालास, "गाडी लेट होती का?" मी म्हणालो, हो. मी माझ्या आयुष्यात दोन माणसं आणि एक जनावर इतकं सुखात बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. आणि तरी दुसऱ्या दिवशी आखरावर मी हळू "हो" म्हणालो. तरी फोनवर म्हणत राहिलो, विक. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आपलं भांडणच संपलं असतं, आणि तू जिंकला असतास.

तर तू जिंकलास, खेमू. पण लोक म्हणतात ते मी मानणार नाही. तू घोडीपायी गेला नाहीस. पोती वाहून गेलास म्हणशील, तर मिलमधला प्रत्येक माणूस पोती वाहतो. त्यांच्यापैकी कितीजणांची घरी कुणी वाट पाहत असतं, खांद्यावर तोंड ठेवायला? तुझी एक गोष्ट मात्र मला अजून पटत नाही, आणि ती मी तू गेलास म्हणून सोडून देणार नाही. दुखतं तेव्हा सांगायला हवं होतंस. नीट. थट्टेत नाही. मी ओरडलो असतो, पण आलो असतो.

आता माझं ऐक. मी सेठकडे गेलो आणि म्हणालो, सुट्टीच्या दिवशी कटपीसचा गठ्ठा द्या, आमच्या गावच्या बाजारात विकीन. त्यानं विचारलं, कशासाठी. मी म्हणालो, घोडीसाठी.

"तेरा भाई तो पागल था ही. अब तू भी?"

"हाँ सेठ. खानदानी है."

तो हसला. गठ्ठा दिला. पहिल्या बाजारात मी तो स्टेशनपासून खांद्यावर वाहून आणला. डाव्या. मारोती बाजारात भेटला, म्हणाला, "काय गा, तू कायले वाहून राहिला?" मी म्हणालो, "घोडी हाये घरी." खेमू, हे म्हणताना मला ओशाळं वाटलं नाही. मोठ्यानं म्हणालो. शेजारचा मिरचीवाला वळून बघायला लागला, इतक्या मोठ्यानं. तू फोनवर विचारलं होतंस ना, पोटाच्या पलीकडं काय? उत्तर द्यायला मला उशीर झाला. पण हेच ते.

फोटो मी बदलून आणला. जुना, अख्खा. आता बिजली जागेवर आहे आणि तू वाकडा दिसत नाहीस. फोटोवाला म्हणाला, मयताच्या फोटोत जनावर चांगलं दिसत नाही. मी म्हणालो, तुला नसेल दिसत.

उद्या पोळा. हे मी तुझ्या छपरीत बसून लिहितोय. ममतानं सकाळीच बिजलीला खरारा केला, झूल वाळत घातली आहे. लगाम धरून तिला अंगणात फिरवूनही झालं. वळताना बिजली अजून थोडी थांबते, तुझ्यासाठी. मग ममताच्या मागे चालते. काकांनी निरोप धाडला आहे की तोरणात आणाल तर अडवू. अडवू दे. मी पुढे उभा राहीन आणि तुझीच झडती म्हणेन. माझा आवाज तुझ्याहून फाटका आहे, पण या वेळी हळू निघणार नाही. कडुलिंबाखाली आम्ही उभे राहणार नाही. ज्या गावाला ट्रॅक्टर बैल वाटतो, त्या गावानं आम्हाला पोळा शिकवू नये.

थोड्या वेळापूर्वी चुलीवर पाणी उकळत होतं. मला वाटलं, बिजलीसाठी असेल. ममतानं हळदीचं पाणी, तूप आणि पळसाची पानं माझ्यासमोर आणून ठेवली आणि मागे सरून उभी राहिली. बिजली तिच्या शेजारीच होती. पण ती बिजलीकडे वळली नाही.

"दादा," ती म्हणाली, "पानी तपलं हाये. खांदा शेकून घ्या. उद्या तोरनात जाचं हाये."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली, माझ्याकडे बघून. मी "हो" म्हणालो. पानाला तूप लावलं, पाण्यात बुडवलं आणि माझा खांदा मीच शेकला. हळद डोळ्यांत गेली असं तिला सांगितलं. तिनं ऐकल्यासारखं केलं.

एक पान मी ठेवलं आहे. तुझ्या खोळीवर, डाव्या बाजूला, ते भोक आहे तिथे. अजून गरम आहे.

आज आवतन घे, खेमू. उद्या जेवाले ये.